बावन पत्त्यायचा भोंगा

तुमसरच्या जागेश्वरले आंबागडात कोणी नावानं हाक मारत नव्हतं. त्याची मोठी बहीण शकुनबाई आंबागडात दिलेली, म्हणून तो साऱ्या गावाचा साळा. साळ्यानं थट्टा केली तं राग धरायचा नाही असा रिवाज आहे, अन् चाळिशी उलटली तरी जागेश्वर त्या रिवाजाचं दूध काढून राहिला होता. एका पोळ्याले त्यानं सरपंच भय्याजीच्या बैलाच्या झुलीखाली ट्रान्झिस्टर बांधला. बैल तोरणाखाली आला अन् जड आवाजात धानाचे भाव सांगू लागला. भय्याजी लाल झाले, पण करता काय? साळा होता.

तुमसरात त्याची साऊंड सर्व्हिस होती. लग्न, भागवत, मंडईतलं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतलं, नाटक, इलेक्शन, जिथं चार माणसं जमली तिथं जागेश्वरचा भोंगा. शिवाय त्याच्याजवळ एक रिळाचा टेपरेकॉर्डर होता. खाणीवरचा एक साहेब बदली होऊन गेला तेव्हा देऊन गेला होता. बॅटरीवर चाले, माईक सोबत. फोटोवाला कॅमेरा गळ्यात घालून फिरते, तसा जागेश्वर तो टेप खांद्याले लटकवून फिरे अन् जे कानावर पडलं ते भरून ठेवे. घोरणारे पाव्हणे, भांडणाऱ्या सासवा, सारं.

एक्याऐंशीची दिवाळी झाली, मंडया उरकल्या, धान खळ्यावर आला, तसा तो बहिणीकडे गेला. शकुनबाई बाडीत उकिडवी बसली होती. समोर वालाचे वेल फाटक्या लुगड्यासारखे लोंबून राहिले होते. वांग्यायचे नुसते देठ.

"काय वो बाई, हे काय झालं?"

"जेवनावळ झाली. वानरायची पंगत उठली आत्ताच."

आंबागडात वानरावर कोणी गोटा उचलत नाही. मारुतीची माणसं ती. गावाबाहेरच्या जुन्या किल्ल्याच्या भिंतीवरून उतरतात, अन् उतरलं की पहिली लागते शकुनबाईची बाडी. गोटा मारला तं पाप, नाही मारला तं उपास. लोक डबे बडवत, हाकलत, अन् वानरं कुंपणावर बसून तमाशा पाहत.

"मी सांगून ठेवतो तुले," शकुनबाई म्हणाली, "वालाचा दुसरा बहर येईन आता. तो बी गेला तं मी गोंदियाले बेबीकडे जातो. जवई संक्रांतीले न्याले येऊन राहिले."

"रायशीन तिथं?"

"पलंगावर बसीन. लेक चहा आनून देईन. मरन येईपर्यंत चहा पीन."

हे ती हसत बोलली, पण जागेश्वरले हसू आलं नाही. भाऊजी गेल्यावर या बाईनं ही मुरमाड जागा एकटीनं खणली होती. टोपल्यानं तळ्याचा गाळ आणून टाकला होता. गोंदियात बेबीच्या दोन खोल्या, खाली फरशी, वर पत्रा. तिथं हिच्या हाताले माती कुठून मिळन?

"जाशीन कशी," तो म्हणाला. "तू गेली तं मी साळा कोनाचा होऊ? थांब. वानरायचं मी पायतो."

पहिल्या फटक्यात त्यानं सोपा उपाय केला. टेप घेऊन गावभर फिरला. राईस मिलचा इंजन, एसटीचा भोंगा, शाळेची घंटा, कोतवाल चिंधूची डोंडी, म्हणजे दवंडीचं डफडं, रेड्याचं हंबरणं, पायरीवरून गडगडत गेलेला पाण्याचा पितळी गुंड, सारं भरलं. बाडीतल्या बांबूवर भोंगा चढवला, तोंड किल्ल्याकडे. वानरं उतरली, शकुनबाईनं खटका दाबला, अन् वानरं अशी पळाली की एक पिल्लू मायच्या पोटाले उलटं लटकून गेलं.

तिसऱ्या दिवशी हुप्प्या, म्हणजे कळपाचा म्होरक्या, खुशाल येऊन भोंग्यावर बसला. आत इंजन धडधडून राहिला होता अन् वर हा शेंग सोलून राहिला होता.

"त्यायले पाठ झालं," शकुनबाई म्हणाली. "इंजनाच्या मांगून एसटी, एसटीच्या मांगून घंटा. मले बी पाठ झालं. रोज तेच वाजलं तं कोन भेईन?"

जागेश्वरनं ब्लेड घेतलं. रिळाची पट्टी कापली, तुकडे केले, मागचे पुढे, पुढचे मागे, चिकटपट्टीनं जोडले. दोन दिवस बरं चाललं. मग वानरायले तेही कळलं. त्यानं पुन्हा कापलं, पुन्हा जोडलं. पण जोडता जोडता त्याच्या ध्यानात आलं की आपला हात लबाड आहे. रेड्यानंतर तो हमेशा एसटीच लावे. डोंडी आली की तिच्यामागं घंटा. तोडमोड करायले बसला तरी हात आपली सवय काही सोडेना, अन् सवय म्हटली की ती वानरानं ओळखलीच. आवाज कोणता कधी यावा हे ठरवायले दुसरा कोणी पाहिजे होता. असा, की ज्याले आपण काय ठरवून राहिलो हेच माहीत नाही.

असे चार जण पिंपळाच्या पारावर रोज दुपारी बसत.

पारावर मेंढीकोट चाले. भय्याजी अन् तुलाराम एका जोडीत, चिंधू कोतवाल अन् सुखराम दुसऱ्या. ज्या रंगाची उतारी, त्या रंगाचं पान टाकायचं. तो रंग हातात नसला तरच हुकूम मारायचा, तोही मर्जी असली तं. सारी मारामारी चार दश्श्यांसाठी. दश्शी म्हणजे मेंढी. ज्या जोडीनं मेंढ्या जास्त धरल्या ती जिंकली. भय्याजी सहसा हरत नसत. सरपंचकीचा अर्धा रुबाब त्या पारावरूनच येई.

जागेश्वर पाराच्या कडेले उभा राहून पानं पडताना पाहत राहिला. एक हात, दुसरा हात. अन् मग त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, जे पाहून तुमसरातले लोक आपापल्या चपला जपत.

त्यानं गावातून आणखी आवाज भरून आणले, पट्टीचे हातहातभर बावन तुकडे केले अन् एकेका आवाजाले एकेक पान दिलं. बदाम म्हणजे माणसं: सीताबाईची शिंक, गुरुजीचं खाकरणं, पोराचं रडणं. चौकट जनावरायची. इस्पिक घरातलं, सूप पाखडणं, वरवंटा, दाराची कडी. किलवर सारं लोखंड. चार दश्श्या सगळ्यात जबर: बदामाची दश्शी चिंधूची डोंडी, चौकटची रेडा, इस्पिकची तो गडगडणारा गुंड, किलवरची राईस मिल. राजा-राणी-गुलाम मधल्या ताकदीचे. अन् एक्का म्हणजे कोरी पट्टी. चुप.

तुकडे दोरीवर वाळत घातल्यासारखे टांगले अन् दोरी पाराशेजारी बांधली.

"हे काय गा, साळेबुवा?" भय्याजीनं विचारलं. "शेवया घातल्या का?"

"तुमी खेळा जी भाऊजी. तुमी जे पान टाकसान, तो आवाज मी उचलीन. तुमचा डाव वानरायले ऐकवतो."

"मंग तं वानरं हरतीनच," भय्याजी म्हणाले, अन् पानं पिसली.

पान पडे, जागेश्वर पट्टी उचले. पुढचं पान, पुढची पट्टी. मान वर करायले फुरसत नव्हती. डाव संपला तेव्हा बावन तुकडे ओळीनं पडले होते. ते जोडले अन् भोंग्यावर लावले.

त्यालेही वाटलं होतं गोंधळ होईन. गोंधळ झाला नाही. पहिले चुप. मग शेळी, बैलाचं घुंगरू, कुत्रा. मग पुन्हा चार जनावरं. मग सूप, कडी, वरवंटा, अन् चौथ्या जागी एकदम मिलचा इंजन, काहून की कोणाजवळचं तरी इस्पिक संपलं होतं. चार-चार आवाजायची ओळ चाले, मधीच हुकूम तोडे, पुन्हा ओळ लागे. दश्शी कुठं दडली आहे ते कळत नसे, पण येणार हे कळे, अन् ती आली की अंगावर काटा येई. जागेश्वरनं जन्मभर दुसऱ्यायचीच गाणी वाजवली होती. हे गाणं नव्हतं, पण याले चाल होती, अन् ती आंबागडाशिवाय दुसऱ्या कोणत्या गावाची असू शकत नव्हती.

वानरं किल्ल्याच्या भिंतीवर बसून राहिली. आज उतरावं का उद्या, हे त्यायचं काही ठरेना. एक दिवसाआड नवा डाव, नवी पट्टी. वाल फुलून आला.

गावाचं मात्र आठवडाभर बेकार झालं. डोंडी वाजली की लोक चावडीवर जमत, तं चिंधू आपला पारावर बिडी पीत बसलेला. "मी नाही वाजवली बावा," तो शपथा घेई, "माझा आवाज माझ्याशिवाय फिरून राहिला." मिलचा आवाज आला की ताराबाई धानाची टोपली डोक्यावर घेऊन निघे अन् कुलूप पाहून परत येई. एसटीच्या भोंग्यावर एक पाव्हणा पळाला, तो धोतर सावरत थेट फाट्यापर्यंत. जागेश्वर झाडामागं पोट धरून बसे. पण आठवड्यानंतर लोक फसेनासे झाले. उलट दुपार उतरली की बाडीच्या कुंपणाशी येऊन बसत. कालच्या डावात कोणाची मेंढी कुठं मेली हे ऐकता ऐकता ओळखत.

अन् सगळ्यात जास्त कोण ऐकत होतं? खटका तं शकुनबाईच्या हातात. वानर हललं की ती पट्टी लावे, संपली की उलटी गुंडाळून पुन्हा लावे. तिनं एकेक डाव इतक्या खेपा ऐकला जितक्या खेपा खेळणाऱ्यायनं पानं पिसली नसतीन. माहेरी चौथा गडी कमी पडला की भाऊ तिलेच बसवत. मेंढीकोट तिले काही नवा नव्हता. पहिली उतारी कोणाची हे जागेश्वर सांगून ठेवे, पुढचं कोणतं पान कोणाचं हे ती आपणच मोजे.

एका दुपारी कुंपणाशी बाया-माणसं बसली होती, पट्टी वाजून राहिली होती, अन् शकुनबाई एकदम हसली. पदर तोंडाले लावून जे हसली ते थांबेना.

"काय झालं वो?" ताराबाईनं विचारलं.

"आयका. हा हात बदामाचा. गुरुजी खाकरले, पोरगं रडलं, चिंधूची डोंडी वाजली. म्हंजे मेंढी हातात हाये. आता चौथं पान भय्याजीचं. अन् हे पाय, इंजन. बदाम नाही म्हनून किलवर मारला, हुकूम केला, मेंढी नेली."

"बरं मंग?"

"मंग हात त्यायनं जिंकला तं पुढची उतारी त्यायचीच. ही घंटा. हा बी हात त्यायचाच. पुन्हा उतारी त्यायची, अन् आता आयका."

भोंग्यातून सीताबाईची शिंक आली. साऱ्या गावाले ओळखीची, छपराचे कवेलू हलवणारी.

"शिंक म्हंजे बदामाची सत्ती," शकुनबाई म्हणाली. "बदाम नोहता ना भय्याजीजवळ? मंग ही शिंक कोनाच्या नाकातून आली?"

कुंपण हसलं. हसू पारापर्यंत गेलं, पारावरून मिलवर, अन् संध्याकाळपर्यंत गावात भय्याजी दिसले की जो तो शिंकू लागला. सुखराम तं दिवसातून तीन खेपा त्यायच्या दारावरून शिंकत गेला.

दुसऱ्या दिवशी चिंधू खऱ्या डोंडीसकट बाडीत आला. मान खाली.

"वयनी, सरपंचाचा हुकूम हाये. डोंडी सरकारी असते. सरकारी आवाज कोनी फुकटात वाजवाचा नाही. भोंगा बंद." अन् मग हळूच, "पारावरचा डाव बी बंद झाला जी. मी तं उपाशीच मेलो."

जागेश्वर तुमसराहून आला तोवर भोंगा मुका होऊन तीन दिवस झाले होते. हुप्प्या कुंपणापर्यंत येऊन वास घेऊन गेला होता. शेंगा भरत आल्या होत्या. अन् जवईचं कार्ड आलं होतं, संक्रांतीले सकाळच्या गाडीनं येतो म्हणून.

"तुले हसाले दुसरा येळ नोहता भेटला?" तो बहिणीले म्हणाला.

"तो चोऱ्या करन, अन् मी हसू बी नाही का?"

"हास. पन आता माझ्या मांगं चाल."

ती निघाली. दोघं भय्याजीच्या अंगणात गेली. भय्याजी खाटेवर बसून सुपारी कातरून राहिले होते. त्यायनं वर पाहिलं नाही.

"भाऊजी," जागेश्वर म्हणाला, "भोंगा उतरवतो जी. तुमची गोष्ट बराबर. सरकारी आवाज तो सरकारी."

"हं."

"फक्त तुमसरात लोक विचारून राहिले. म्हनतात, आंबागडचा सरपंच पत्त्याले भेला. अन् भेला तं कोनाले, तं एका बाईले. मी सांगतलं, असं नाही गा. पन मी साळा पडलो. साळ्याचं कोन मानते?"

सुपारी कातरणं थांबलं.

"तू गेलता तुमसरात सांगाले?"

"मी काहून सांगू? शिंका तुमसरापर्यंत ऐकू आल्या जी."

भय्याजी शकुनबाईकडे वळले. "वयनी, एक डाव होऊन जाऊ द्या मंग. तुमी अन् तुमचा हा भाऊ, मी अन् तुलाराम. हरल्या तं भोंगा आपल्या गावी जाईन, अन् पुन्हा तोंड नाही दाखवाचा."

"अन् जिंकली तं?"

"तं वाजवा, जवरी वाल हाये तवरी."

"वाल तं दोन महिन्यात सरन," शकुनबाई म्हणाली. "मी सांगतो. जिंकली तं मी या गावात आहो तवरी वाजन. अन् डाव पट्टीवर चढन. जो जसा खेळन तसा भोंग्यावर आयकू येईन."

भय्याजीनं सुपारी तोंडात टाकली. "वाजू द्या. मी काय चोर हाव?"

कोणीतरी शिंकलं.

संक्रांतीच्या दुपारी पार भरला. जवई आलेच होते, नवी चप्पल घालून, पिशवी मांडीवर धरून. "आई, चारची गाडी हाये," त्यायनं दोनदा सांगितलं. जागेश्वर खेळायले बसल्यामुळं पट्ट्या उचलायचं काम चिंधूनं घेतलं. सरकारी माणूस म्हणून त्याच्यावर दोघायचा भरोसा होता.

जागेश्वर गडी म्हणून साफ वाया होता. हातातली पानं दुसऱ्यायले दिसन अशी धरे. पहिल्याच हातात त्यानं मोठं पान फुकट घालवलं अन् बहिणीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याले लहानपणीचा उलथना आठवला.

"माफ कर बाई."

"खेळ. बोलू नोको."

इस्पिक हुकूम झाला. चौकटची मेंढी, तो रेडा, शकुनबाईनं धरला. इस्पिकची तुलारामनं नेली. किलवरची मेंढी जागेश्वरच्या हातात होती अन् ती त्यानं नेमकी बहिणीच्या राजावर टाकली, हेही चुकूनच, पण लागली. दोन अन् एक. पण हात भय्याजीचे जास्त होते, मेंढ्या दोन-दोन झाल्या तं डाव त्यायचाच. उरली बदामाची दश्शी, चिंधूची डोंडी, अन् ती कोणाजवळ आहे हे शकुनबाईले न पाहता माहीत होतं. भय्याजी मेंढी कधी मधात सोडत नसत. शेवटच्या पानापर्यंत छातीशी धरून ठेवत, आधीचा हात हुकमानं घेत, अन् मग सगळे हुकूम संपल्यावर ती पारावर आपटत. महिनाभर पट्टीच्या शेवटी तिनं तेच ऐकलं होतं: आधी तोडणारा एक आवाज, मग दश्शी. पान कोणतंही असो, रीत तीच.

मधात एकदा तिचं किलवर संपलं. हुकूम मारायची संधी होती. तिनं हातात हुकूम असून चौकटची तिर्री टाकली अन् हात जाऊ दिला. जागेश्वरनं कपाळावर हात मारला. भय्याजी मिशीत हसले. बाईजवळ हुकूम असता तं तिनं आत्ताच मारला असता, असा त्यायनं हिशोब बांधला.

दोन-दोन पानं उरली. उतारी शकुनबाईची. तिनं चौकटची पंजी टाकली. भय्याजीनं इस्पिकची नव्वी मारली. हात त्यायचा.

आता त्यायच्या हातात एकच पान. भय्याजीनं एकवार पारावरच्या लोकायकडे पाहिलं, हात वर नेला, अन् बदामाची दश्शी अशी आपटली की तुलारामचा चुन्याचा डबा उडाला.

जागेश्वरनं पान टाकलं, तुलारामनं टाकलं. शकुनबाईनं आपलं शेवटचं पान सावकाश, भाकर तव्यावर टाकावी तसं, वर ठेवलं. इस्पिकचा राजा.

चिंधूनं दोरीवरून आपल्याच डोंडीची पट्टी काढली, शेवटी राजाची काढली, अन् ओळ पुरी केली.

"हे कसं झालं?" भय्याजी पानाकडे पाहत म्हणाले. "हुकूम संपले होते."

"तुमी बी वानरायच्या पहिल्या पट्टीसारखेच जी, भय्याजी," शकुनबाई म्हणाली. "रोज तेच वाजता. मले पाठ झाले तुमी."

पहिले तुलाराम हसला, त्यायचाच जोडीदार. मग सारा पार. भय्याजी हसायचं का रागवायचं हे ठरवत राहिले, अन् ठरेपर्यंत त्यायच्याच पोटातून हसू बाहेर फुटलं.

जवई उठून उभे राहिले. "आई, गाडीची येळ झाली."

"हो, तुमी निंगा जवईबापू." शकुनबाईनं लुगड्याची धूळ झटकली. "बाडीतून टोपलंभर शेंगा तोडून घ्या. कोवळ्या घेजा, बेबीले कोवळ्या आवडतात. तिले म्हना माय नाही येत. तिलेच म्हना ये इकडं, लेकराले घेऊन, होळीले."

"पन आई, इथं एकट्या..."

"एकटी कुठं?" तिनं पारावरच्या गर्दीकडे हात केला. "इतकं मानूस तं गोंदियाच्या बजारात नसन."

जवई जागेश्वरकडे पाहू लागले. मामासासरे काही समजावतीन म्हणून. जागेश्वर जमिनीवर बसून चिकटपट्टीचा रोल दातानं तोडून राहिला होता, अन् त्याच्या तोंडात तुकडा असल्यामुळं त्याले बोलता येत नव्हतं.

भय्याजीनं पानं गोळा केली, बराबर केली, अन् शकुनबाईसमोर ठेवली.

"वयनी, उद्या?"

"उद्या वालं तोडाची हायेत. परवा." ती दोन पायऱ्या उतरली अन् थांबली. "अन् सीताबाईले बोलवा चौथी. हा जागेश्वर काही कामाचा नाही. त्याले पट्टीच चिकटवू द्या."